कालव्याकाठचं गाव रंगवताना

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या बहुतेकांच्या हाताला एक निसर्गचित्र कायमचं पाठ झालेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात सूर्य, तिथूनच निघून नागमोडी खाली येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. गाव घाटावरचं असलं तरी नारळच. पुढे चांगला कागद येतो, महागडे जलरंग येतात, पण हात त्याच वळणानं चालत राहतो. ही खोड मोडायची असेल तर कालव्याकाठचं गाव रंगवायला घ्या. नदी चित्रकाराचं ऐकते. तिला हवं तिथे वळवता येतं, रुंद करता येतं, आणि काठ चुकला तर तिथे एक खडक ठेवून सुटताही येतं. कालवा असलं काही चालू देत नाही. त्याचे काठ समांतर, रुंदी ठरलेली, पाणी जवळजवळ सपाट. एक काठ जरा तिरका पडला तरी पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं, आणि चित्रातलं फारसं न कळणाऱ्यालाही ते लगेच दिसतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. आधी पाणी ठरवा, गाव नंतर. पाण्याची कड चौकटीत कुठून शिरते, कुठे जाऊन अडते, आणि ते पाणी आकाशाच्या मानानं किती गडद आहे, एवढं पक्कं झालं की घरं, झाडं, धुणं, बगळे यांना आपापली जागा सापडते. बहुतेक जण उलट करतात. आधी देवळाचं शिखर आणि वडाचं झाड मन लावून काढतात आणि उरलेल्या जागेत निळा रंग भरतात.

जमीन पाहून घ्या

कालवा म्हटलं की डोळ्यांपुढे हॉलंड येतं: सपाट प्रदेश, आखल्यासारखं सरळ पाणी, पवनचक्की. जमिनीला चढउतार नसेल तर कालवा सरळ जाऊ शकतो. दख्खनचं तसं नाही. नीरा किंवा प्रवरा यांचे डावे-उजवे कालवे जमिनीच्या समान उंचीला धरून, अगदी थोडा उतार घेत पुढे सरकतात. टेकडी आडवी आली की तिला वळसा, ओढा आला की त्यावरून जलसेतू. त्यामुळे आपल्याकडचा कालवा काही अंतर सरळ दिसतो आणि मग शांतपणे वळतो. हे वळण नदीसारखं मनमानी नसतं. समोरच्या टेकडीचा उतार पाहिला की कालवा तिथे का वळला ते कळतं. ती टेकडी चित्रात आली पाहिजे, नाहीतर वळण उगाच काढल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट भरावाची. खोदाईतून जाणाऱ्या कालव्याचं पाणी जमिनीच्या खाली असतं, पण भरावावरून जाणाऱ्या कालव्याचं पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर असतं. हॉलंडमध्ये पाणी उपसून कोरड्या केलेल्या जमिनींभोवतीच्या कालव्यांचंही असंच आहे. भरावाच्या माथ्यावर उभं राहिलं की एका हाताला भरलेलं पाणी आणि दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या पातळीच्याही खाली, घरांची छपरं दिसतात. नदीकाठी असं दृश्य क्वचितच मिळेल. तरीही पाणी खाली आणि गाव वर अशी मनाची सवय इतकी घट्ट असते की समोर दिसत असूनही हात घरं उचलून वर ठेवतो. भरावावरचा कालवा रंगवत असाल तर निदान एका घराचं पन्हाळं पाण्याच्या रेषेखाली येतंय का, तेवढं तपासा.

तिसरं म्हणजे आवर्तन. पाणी सुटलेलं असताना कालवा वाहता, गढूळ, काठोकाठ असतो. बंद असताना तळाशी हिरवी डबकी, ओला गाळ आणि अस्तरीकरणाचे उघडे करडे उतार. दोन्ही चित्रं होतात, पण ती वेगवेगळी चित्रं आहेत. जाण्याआधी गावात कुणाला तरी विचारून घ्या, नाहीतर प्रतिबिंबांची स्वप्नं घेऊन जाल आणि समोर म्हशी डुंबायलासुद्धा पुरणार नाही एवढं पाणी असेल. आणि बैठक वर, भरावावर मांडा. अस्तरीकरणाच्या उतारावर शेवाळ असतं. घसरलेल्याला वर यायला पकड मिळत नाही.

नजर कुठे अडवायची

समांतर काठ दूर जाताना एका बिंदूत मिळतात, आणि तो व्हॅनिशिंग पॉइंट तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. पाण्याच्या दोन कडा, भरावाच्या दोन कडा, काठावरची वाट, सरळ पट्ट्यात या सगळ्या रेषा तिथेच जातात. हीच कालव्याची ताकद आणि हाच त्याचा धोका. नजर त्या रेषांवरून थेट शेवटाला पोहोचते आणि गाव बाजूला राहून जातं.

मेंडर्ट हॉब्बेमाचं ‘द अ‍ॅव्हेन्यू अ‍ॅट मिडेलहार्निस’ हे 1689 चं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कालवा नाही, रस्ता आहे, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. पण अडचण नेमकी हीच: एक सरळ पट्टा, जवळजवळ मधोमध, थेट आत जाणारा. हॉब्बेमानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. बारीक, उंच झाडांना त्यानं आकाशात इतकं वर नेलं की आत धावणारी नजर वर खेचली जाते. उजवीकडे एक वाट फुटते, तिथे एक माणूस रोपांच्या वाफ्यात काम करतोय. डावीकडे चर्चचा मनोरा. समोरून एक जण कुत्रा घेऊन आपल्याच दिशेनं येतोय, म्हणजे नजरेच्या अगदी उलट. सगळ्यात शिकण्यासारखं मात्र दिसत नाही. अगदी पुढे दोन्ही बाजूंना त्यानं आणखी एकेक झाड काढलं होतं आणि नंतर रंगानं झाकून टाकलं, हे क्ष-किरण तपासणीत कळलं. ती झाडं राहिली असती तर चित्राला दोन खांबांची चौकट मिळाली असती आणि मधलं आकाश आवळलं गेलं असतं. पुढे मोठं झाड टाकून ‘फ्रेम’ करण्याचा मोह ज्यांना होतो (फोटोग्राफीच्या शिकवण्यांनी तो वाढवला आहे) त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आल्फ्रेड सिस्ले आयुष्याची शेवटची वर्षं फ्रान्समधल्या मोरे-सुर-लुआँ या छोट्या गावात राहिला. तिथला लुआँ कालवा त्यानं वारंवार रंगवला. 1892 चं त्याचं एक चित्र पॅरिसच्या म्युझे दोर्सेत आहे. त्यात वळणारं पाणी आणि पॉप्लरच्या उंच, बारीक उभ्या रेघा एवढाच जवळजवळ सगळा ऐवज आहे. वळण नजरेचा वेग कमी करतं. आपल्याकडे पॉप्लर नाहीत, पण कालव्याच्या कडेला निलगिरीच्या रांगा बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि त्यांचे फिकट बुंधे हेच काम उत्तम करतात.

पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्यानं मात्र यांपैकी काही करू नये. त्यानं व्हॅन गॉगकडे जावं. मार्च 1888 मध्ये त्यानं आर्लजवळच्या कालव्यावरचा लांग्ल्वा पूल रंगवला. धुणं धुणाऱ्या बायकांचं ते चित्र नेदरलँड्समधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. पूल चौकट ओलांडून आडवा जातो. त्यावरून एक छोटी गाडी चालली आहे. खाली डाव्या कोपऱ्यात बायका, आणि त्यांच्या आपटण्यानं पाण्यावर उठलेली वर्तुळं. आडवा पूल नजर अडवतो, उभे आधार तिला खाली पाण्यात उतरवतात, वर्तुळं तिला बायकांपाशी थांबवतात. आपल्या कालव्यांवर फरशी पूल, कमानी पूल भरपूर आहेत. पुलापासून थोडं लांब, काठावर बसा आणि पूल कागदाच्या वरच्या तिसऱ्या भागात आडवा ठेवा. यथादर्शन कच्चं असलं तरी इथे फारसा घोटाळा होत नाही, कारण अवघड असा दूरचा पट्टा पुलामागे झाकला जातो.

व्हॅन गॉगला यथादर्शनाचा त्रास होत होता. 1882 मध्ये हेग शहरात असताना त्यानं दोरे ताणलेली एक चौकट करून घेतली होती आणि तिच्यातून पाहून तो रेखाटन करत असे. तुम्हीही करा. पुठ्ठ्यात कागदाच्याच प्रमाणातली खिडकी कापा आणि एक उभा, एक आडवा दोरा चिकटवा. आडवा दोरा समोरच्या सपाट काठावर धरला की मनातला ‘जरासा तिरका’ काठ किती चुकीचा होता ते लगेच कळतं.

बसायचं की उभं राहायचं हाही रचनेचाच प्रश्न आहे. डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितका पाण्याचा पट्टा चिंचोळा दिसतो. मग चित्र गावाचं आणि आकाशाचं होतं. पुलावरून पाहिलं की पाणी कागद व्यापतं आणि गाव कडेला सरकतं. कुठलं हवं ते ठरवा आणि चित्र संपेपर्यंत उंची बदलू नका. सकाळी उभं राहून काढलेला काठ आणि दमल्यावर बसून काढलेली घरं एका चित्रात नांदत नाहीत.

गावातलं काय घ्यायचं

कौलं ओढून आणू नका. आज कालव्याकाठच्या गावात पत्र्याची छपरं आहेत, स्लॅबची घरं आहेत, निळं प्लास्टिक आहे, पाण्याची उंच टाकी आहे, टॉवर आहे. हे सगळं गाळून जुनं गाव काढलं की ते कॅलेंडरचं होतं. जॉन कॉन्स्टेबलची चित्रं आज आपल्याला शांत खेड्याची वाटतात, पण त्याचं ‘फ्लॅटफर्ड मिल’ (1816–17) हे घरच्या धंद्याचं चित्र आहे. गिरणी वडिलांची, स्टाउर नदी बांध-दारं घालून नावा चालाव्यात म्हणून सुधारलेली, आणि पाण्यावर मालवाहू पडाव. त्या काळातली ती पायाभूत सुविधाच होती. तेव्हा चारीच्या तोंडाशी असलेलं लोखंडी गेट आणि ते उचलायचं चाक बिनधास्त घ्या. सकाळी अकराच्या उन्हात पत्र्याचं छप्पर चित्रातली सर्वांत उजळ जागा असतं. तिथे कागद कोरा सोडा.

घरं मोजू नका, त्यांची एक सलग आकृती काढा. आकाशावर उमटणारी छपरांची कड नीट पाहा. ती सारखी वर-खाली होत असेल तर एखादा भाग लांब आणि सपाट करा. खिडक्या दोन-तीन पुरेत. झाडं हलवायला हरकत नाही. कॉन्स्टेबलनं ‘द लीपिंग हॉर्स’ 1825 मध्ये प्रदर्शनात मांडून परत आणल्यावरही त्यातलं वाळुंजाचं खोड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं. बाभूळ इकडची तिकडे करा, पाण्याची कड करू नका.

माणसं एक-दोन असावीत आणि त्यांना काम असावं. तुम्ही उभे असाल आणि ती तुमच्याच पातळीच्या जमिनीवर असतील तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवर येतात. घाटाच्या पायऱ्यांवर उतरलेल्यांची तिच्याखाली. एवढं पाळलं तर माणूस रंगाचा एक ठिपका असला तरी खरा वाटतो. लाल लुगडं वाळत घातलेलं असेल तर देवानं दिलेली भेट समजा. हिरव्याच्या राशीत लाल थोडाच लागतो. कॉन्स्टेबलनं ‘द हे वेन’मध्ये घोड्यांच्या सामानावर तो दिला आहे.

प्रतिबिंब

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून खाली चिकटवणं नव्हे. पाण्यातून पाहणारा डोळा वेगळ्या जागी असतो, असं समजा: तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच तो पाण्याखाली. तिथून वर पाहिलं तर काठापासून मागे असलेल्या घराची भिंत भरावामागे झाकली जाते आणि फक्त छप्पर दिसतं. म्हणून पाण्यात भरावाखालोखाल लगेच छप्पर येतं. ओटा, दार, भिंतीचा बराच भाग गायब. पुलाच्या बाबतीत उलट: वरून पाहताना न दिसलेला कमानीचा पोटाचा भाग पाण्यात दिसतो.

प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, तुमच्याकडे येतं. सावली सूर्य ठरवेल तिकडे जाते. या दोहोंची गल्लत फार होते. त्यातून गढूळ पाण्यावर सावलीही पडलेली दिसते, कारण गाळ ती धरून ठेवतो. स्वच्छ पाण्यावर ती जेमतेम जाणवते. म्हणजे आवर्तन चालू असताना झाडाच्या खाली सरळ उतरलेलं प्रतिबिंब आणि तिरकी सावली अशा दोन काळसर आकृत्या एकाच पाण्यावर असू शकतात. दोन्ही काढल्या तर पाणी खरं होतं, पण त्यातली एक मऊ ठेवा.

छटेचा साधा नियम: उजळ वस्तू पाण्यात थोडी गडद होते, गडद वस्तू थोडी उजळ. पांढरी भिंत पाण्यात पांढरी राहत नाही. दूरचं पाणी तिरप्या नजरेनं पाहिल्यामुळे आकाश जास्त दाखवतं. पायाखालच्या पाण्यात नजर आत शिरते आणि तळाचा, गाळाचा रंग दिसतो. म्हणून पुढचं पाणी तपकिरी-हिरवं, मागचं आकाशाचं. सगळीकडे एकच निळा फिरवला की पाण्याचा रस्ता होतो.

जलरंगात क्रम असा ठेवा. पाण्याचा पूर्ण भाग आकाशाच्या रंगानं, जरा गडद करून, एकदाच ओला करा. ओला असतानाच प्रतिबिंबाचे रंग वरून खाली, उभ्या फटकाऱ्यांनी सोडा आणि हात काढून घ्या. वाळल्यावर चपट्या कुंचल्यानं एक-दोन आडव्या रेघा उचलून घ्या, वारा फिरलेल्या जागी. या रेघा चारच्या वर गेल्या तर तुम्ही पाणी रंगवत नाही, पट्टे काढत आहात. अस्तरीकरण असेल तर काठ आणि प्रतिबिंब यांच्यामध्ये सिमेंटचा फिका पट्टा येतो. तो आधीच राखून ठेवा, नंतर पांढऱ्या रंगानं लावलेला तो चिकटवल्यासारखा दिसतो.

भाव कुठून येतो

डच चित्रकार यान व्हान गोयेन हा ट्यूलिपच्या सट्ट्यात बुडाला आणि कर्जात मेला, पण तपकिरी, करडा, मळकट हिरवा एवढ्या तुटपुंज्या रंगांत पाण्याकाठच्या वस्त्यांना त्यानं जे वातावरण दिलं ते पुढे खूप जणांना साधलं नाही. क्षितिज खूप खाली, वर ढगाळ आकाश, आणि पाणी जवळजवळ त्याच छटेचं. चित्रातलं ओलसर औदासीन्य कुणाच्या चेहऱ्यावर नाही. आकाश आणि पाणी यांच्यातलं अंतर त्यानं कमी केलं, म्हणून ते आलं. सिस्ले चित्राची सुरुवात आकाशापासून करायचा. कॉन्स्टेबलच्या मते तर निसर्गचित्रातल्या भावनेचं मुख्य साधन आकाशच. पाणी असलेल्या चित्रात हे दुपटीनं खरं, कारण आकाश तिथे दोनदा येतं.

तेव्हा रंग उघडण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीनं तीन छटांची थंबनेल करा: उजळ, मधली, गडद. डोळे बारीक करून ठरवा की पाणी कुठल्या गटात. दुपारी पाणी आकाशापेक्षा गडद आणि काठ कडक असेल तर चित्र कोरडं, उघडं होतं. उन्हाळ्याच्या गावाला ते शोभतं. हिवाळ्यातल्या पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असल्यानं त्यावर वाफ धरते आणि दूरचा काठ विरतो. मग छपरांपलीकडचं सगळं ओल्यातच सोडून द्या, रेषा फक्त पुढच्या काठाला. संध्याकाळी जमीन विझते तरी पाणी आकाश धरून असतं. गाव एका गडद पट्टीत मिटवा आणि पाण्याला चित्रातली दुसऱ्या क्रमांकाची उजळ जागा करा. उजेड दाखवायला प्रत्येक खिडकीत पिवळा ठिपका देऊ नका, एक पुरे.

रंगाशिवायही भाव येतो, याचा पुरावा चीनमध्ये आहे. यांगत्सेच्या खालच्या अंगाला जिआंगनान प्रदेशात कालव्यांची गावं आहेत, पांढऱ्या भिंती आणि काळ्या कौलांची. तिथलाच वू ग्वानझोंग (1919–2010) पॅरिसमध्ये शिकून आला आणि ही गावं शाई-कागदावर करत राहिला. 1981 चं ‘टू स्वॅलोज’ पाहा: लांब आडवी भिंत म्हणजे जवळपास कोरा कागद, काळ्या छपरांच्या बारीक पट्ट्या, काळं दार, खाली पाणी, आणि दोन भिंगऱ्या. घराचं एकही कौल त्यानं मोजलेलं नाही. जलरंग वापरणाऱ्यांनी कागद किती सोडायचा हे इथे शिकावं, आणि मग आपला कागद पाहावा. जिथे काही सुचलं नाही म्हणून गवत काढलं असेल, तिथे बहुधा कोरा कागद चालला असता.

फोटोवरून काम करणार असाल, आणि बहुतेक जण करतात, तर एक लक्षात ठेवा. मोबाइलचा कॅमेरा जवळचं पाणी अवाच्या सवा रुंद करतो आणि पलीकडचं गाव लहान करून मागे ढकलतो. प्रतिबिंबं काळी पडतात, आकाश पांढरं. म्हणून फोटो काढताना काठावरून थोडं मागे या आणि झूम करून घ्या. झूम नसेल तर मधला भाग कापून वापरा. थंबनेल मात्र तिथेच करा. आकाश आणि पाणी यांत गडद कोणतं, ऊन कुठल्या बाजूनं, पाणी वाहतं होतं की स्थिर, या तीन गोष्टी तिच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवा. घरी आल्यावर फोटो आणि ही टीप यांचं पटलं नाही, तर टीप खरी धरा.